रथातले देव, जुनी नाणी आणि तुमचे प्रश्न

प्रश्न : राम राम भाऊ. आमच्याकडे बालाजीचा रथ निघतो त्यामुळे लहानपणापासून रथाचं वेड आहे. मध्यंतरी मोबाईलवर एका रोमन नाण्याचा फोटो बघितला, देव रथात उभा आणि रथाला चक्क हत्ती जुंपलेले! अशी देवांच्या रथांची नाणी जमवायची आहेत. सुरुवात कुठून करू, आणि नकली कसं ओळखायचं?
(एक वाचक, पारोळा)

उत्तर : राम राम. विषय एकदम भारी निवडलात. तुम्ही बघितलं ते बहुतेक इ.स.पू. 125 च्या सुमाराचं, गायस मेटेल्लसने पाडलेलं डेनारियस, म्हणजे रोमनांचं चांदीचं नाणं. तेव्हा रोमच्या टांकसाळीवर तरुण अधिकारी नेमले जायचे आणि ते नाण्यावर आपल्या घराण्याचा मोठेपणा कोरून घ्यायचे. ह्याच्या एका पूर्वजाने सिसिलीत पानोर्मसच्या लढाईत रोमच्या शत्रूचे, म्हणजे कार्थेजचे हत्ती पकडले होते, म्हणून इथे रोमनांचा मुख्य देव ज्युपिटर याच्या रथाला घोड्यांऐवजी हत्ती, आणि वरून उडत येणारी विजयदेवी त्याला हार घालतेय, हे सगळं आपल्या एक रुपयापेक्षा लहान नाण्यावर! भिंगाखाली बघितलं की हत्तींच्या सोंडासुद्धा वेगवेगळ्या दिसतात.

पण सुरुवात हत्तीपासून करू नका, महाग पडेल. दोन घोड्यांचा रथ म्हणजे बिगा, चार घोड्यांचा क्वाड्रिगा. विजयदेवी किंवा चंद्रदेवी लुना बिगात बसलेली डेनारियस भरपूर मिळतात आणि त्यातल्या त्यात परवडतात, पहिली दोन-तीन तीच घ्या, हात बसू द्या. मग हळूहळू प्राण्यांकडे वळा, कारण ह्या विषयाची खरी मजा तिथेच आहे. आपण मोर दिसला की कार्तिकेय आणि उंदीर दिसला की गणपती ओळखतो ना, तसंच इथे पण आहे : सिंह जुंपलेले तर सिबेली देवी, हरणं असतील तर शिकारीची देवी डायना, बोकड असतील तर ज्युपिटरची बायको जुनो. मार्कस वोल्टेयसच्या एका नाण्यावर तर धान्याची देवी सेरेस सापांच्या रथात आहे, दोन्ही हातांत मशाली, हरवलेल्या लेकीला शोधत निघालेली. मला स्वतःला सगळ्यात जास्त हेच आवडतं. आणि आपल्या बाजूचं काही हवं असेल तर बॅक्ट्रियाचा (आजच्या अफगाणिस्तानाकडचा भाग) ग्रीक राजा प्लेटो (तत्त्वज्ञ प्लेटो नव्हे), इ.स.पू. दुसरं शतक, त्याच्या चांदीच्या नाण्यावर सूर्यदेव हेलियोस चार घोड्यांच्या रथात आहे. ते दुर्मिळ आहे, विकत घ्यायचं सोडा पण फोटो जरूर बघा आणि मग लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यात जाऊन तिथला रथातला सूर्य बघा, अभ्यासक बहुतेक त्याला सूर्यच मानतात.

नकलीचं म्हणाल तर आधी वजन. त्या काळातलं डेनारियस साधारण 3.9 ग्रॅमचं, झिजलेलं थोडं कमी भरेल. जळगावच्या सराफाकडे मिलिग्रॅमपर्यंतचा काटा असतो, पाच मिनिटांचं काम आहे. मग कड बघा. जुनं नाणं ठोकून पाडलेलं असतं, कडेला बारीक चिरा असू शकतात, पण कडेभोवती जोडाची रेघ दिसली किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांसारखे खड्डे दिसले तर ते साच्यात ओतलेलं समजा. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा असलेली खोटी नाणी रोमन काळातही निघायची, तेव्हा हलकं भरलं म्हणजे आजचंच बनावट असं नाही. काही झालं तरी परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या आणि पक्कं बिल घ्या. 100 वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही डोक्यात असू द्या.

प्रश्न : केळीच्या शेतात नांगरताना चांदीचं छोटं नाणं सापडलं, एका बाजूला राजाचा चेहरा आहे. रोमन असेल का? विकलं तर चालेल?
(एक वाचक भगिनी, यावल)

उत्तर : ताई, विकू नका. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन कलेक्टरला कळवावं लागतं, म्हणजे तुमचं नाणं त्यात आलंच. रोमन असण्यापेक्षा क्षत्रपांचं (पश्चिम भारतातले जुने शक राजे) असण्याची शक्यता जास्त वाटते, त्यांची नाणी साधारण 2 ग्रॅमची, राजाचा चेहरा असलेलीच असतात. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपान ह्या क्षत्रप राजाची 13 हजारांहून जास्त नाणी सापडली आणि त्यातल्या बऱ्याचशांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता, त्यावरूनच गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं हे पक्कं कळलं. म्हणून कुठल्या शेतात, किती खोल, सोबत खापरं होती का, हे आजच वहीत लिहून ठेवा. जागा विसरली तर नाण्याची अर्धी माहिती गेली.

प्रश्न : काळं पडलेलं नाणं चिंचेने घासू का?
(विद्यार्थी, धुळे)

उत्तर : अजिबात नको! चिंच, लिंबू, टूथपेस्ट, रांगोळी काहीच नको. तो काळा थर नाण्याचं संरक्षण करतो, आणि घासलेल्या नाण्याची किंमतही पडते. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मऊ कापडावर ठेवून वाळू द्या, पुसू नका. नाणी कशी जपतात ते बघायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, आधी फोन करून जा.