प्रायमर काढायला वेगळं टूल घ्यावं का?

प्रश्न: नमस्कार काका, मी मूळचा सांगलीचा, सध्या टेक्ससला असतो. मित्राच्या नादाने नेमबाजीच्या रेंजवर जायला लागलो आणि आता घरीच रीलोडिंग करतोय, म्हणजे उडवलेली काडतुसं पुन्हा भरतोय, सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारं हँडलचं यंत्र) आहे. रेंजवरून उचललेलं .223 रायफलचं ब्रास, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं (केसेस), बादलीभर जमलंय. पण केस मूळ मापात आणणाऱ्या सायझिंग डायची पिन, जी बुडातला वापरलेला प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) ढकलून काढते, ती दोनदा तुटली. हँड टूल घेतलं तर सोफ्यावर मॅच बघत काम होईल का, की वेगळी डाय घेऊ?

उत्तर: डाय घे बाबा, आणि सोफा विसर.

आधी पिन का तुटली ते बघ. दोनदा तुटली म्हणजे दोष पिनचा नसणार, बादलीत काहीतरी भलतंच मिसळलंय. केसच्या तोंडातून टॉर्च मारून तळाशी बघ, मधोमध एकच भोक दिसलं तर बॉक्सर प्रायमर, म्हणजे आपल्या कामाचं. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन, त्यात पिन मधल्या धातूवर आपटते आणि वाकते नाहीतर तुटते. स्टीलच्या केसेस बऱ्याचदा अशाच असतात, लोहचुंबक फिरवलास की लगेच वेगळ्या होतील. मी पहिल्या वर्षी हे काही न बघता हँडल दाबत सुटलो होतो, एका संध्याकाळी तीन पिना गेल्या आणि वर प्रेसलाच शिव्या घातल्या.

आता .223 मध्ये दुसरी भानगड म्हणजे मिलिटरी ब्रास. मागे एलसी असं कोरलेलं आणि वर्तुळात अधिकची खूण असेल तर ते लेक सिटी या अमेरिकी दारूगोळा कारखान्याचं, त्यात प्रायमरभोवती धातू दाबून बसवलेला असतो, त्याला क्रिम्प म्हणतात. जुना प्रायमर जोर लावून निघतो खरा, पण नवीन नीट बसत नाही, आधी स्वेजरने किंवा रीमरने ती कड काढावी लागते. त्यामुळे हे ब्रास वेगळ्या डब्यात ठेव.

मी स्वतः ली कंपनीची युनिव्हर्सल डीकॅपिंग डाय, म्हणजे फक्त प्रायमर काढणारी डाय वापरतो. स्वस्त आहे, तुझ्याच प्रेसवर बसते, आणि फार जोर पडला की पिन तुटण्याऐवजी कोलेटमधून, म्हणजे तिला धरणाऱ्या पकडीतून, वर सरकते, मग परत आवळायची. शिवाय ती केसच्या भिंतीला लागत नाही, म्हणून मळकं ब्रास तसंच घालता येतं. सायझिंग डायमध्ये वाळूचे कण गेले की डायला ओरखडे पडतात आणि मग ते प्रत्येक केसवर उमटतात. माझा क्रम असा, आधी डीकॅप, मग धुणं, मग सायझिंग, म्हणजे प्रायमरचा खळगाही आतून धुतला जातो.

हँड टूल वाईट नाही हं, फ्रँकफर्ड आर्सेनलचं बरेच लोक वापरतात, प्रेस नसेल तर चांगलंच. पण क्रिम्पवाल्या शंभर केसेस केल्यास की दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना मनगट बोलतं. आणि सोफ्याला नाही म्हणायचं खरं कारण म्हणजे धूळ, नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट असतं, म्हणजे शिसं, ते त्या काळ्या भुकटीत उतरतं, आणि गालिच्यावर रांगणारं पोर असेल तर विचारूच नको. गॅरेजमध्ये कर, हातमोजे घाल, झाडू मारू नको, ओल्या फडक्याने पूस, आणि खाण्याआधी साबणाने हात धू.

पुढे कधी लापुआ कंपनीचं 6.5 क्रीडमूर काडतुसाचं ब्रास घेतलंस तर लक्षात ठेव, त्याचं फ्लॅश होल, म्हणजे तळाचं ते मधलं भोक, लहान असतं, साधारण 1.5 मिलिमीटर, आणि नेहमीचं 2 च्या आसपास. जाड पिन घातलीस की ती आत अडकते आणि केस खाली ओढताना पिनच उपटून येते. त्यासाठी बारीक पिन मिळते, ती आधी मागव.

आणि एखादा प्रायमर न उडालेला दिसला तर तो ठोकून काढायच्या फंदात पडू नको, ती केस बाजूला ठेव. चष्मा तर प्रत्येक वेळी हवाच.