आठ महिने देवाला विचारलं, आईंना विचारलंत का?

सलाम ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी एका वाक्यापाशी थांबले: 'आईंना अजून काही बोललो नाही, उगाच त्यांच्या जिवाला घोर.' त्या वाक्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी वाचकांना तुमचा प्रश्न सांगते, कारण असा प्रश्न परदेशातल्या आपल्या कितीतरी घरांत आहे.

हे कुटुंब मूळचं नगरचं, आता अकरा वर्षं मेलबर्नला. सासरे गेल्यापासून सासूबाई नगरला एकट्या राहतात, मागच्या पावसाळ्यात पडून त्यांचं मनगट मोडलं. यजमानांना पुण्यात नोकरी मिळते आहे. मुलगी नववीत, तिला जायचं नाही. आठ महिने रोज रात्री नवरा-बायको गुडघे टेकून विचारतात, 'प्रभू, तुझी इच्छा काय?' पवित्र शास्त्र डोळे मिटून उघडलं तर एकदा उत्पत्तीचा बारावा अध्याय निघाला, 'तू आपला देश सोडून जा', आणि एकदा एकतिसावा, 'आपल्या पूर्वजांच्या देशी परत जा'. त्यात प्रार्थनागटातल्या एका बंधूंचा निरोप आला की तुम्ही परत जावं असं देवाने त्यांना दाखवलं. ताई विचारतात, 'देव आमच्याशी का बोलत नाही?'

ताई, तो बोलत नाही असं मला वाटत नाही. पण जिथे बोट पडेल तिथे उत्तर शोधण्याची सवय सोडा. अब्राहाम आणि याकोब या दोघांनाही ते शब्द त्यांच्या वाटेवर चालताना मिळाले. आपण ते वाटेवरून उचलतो आणि चिठ्ठीसारखे वापरतो. क्रमाने वाचा, रोज थोडं, मुलांना बरोबर घेऊन. रोजच्या वाचनाने आपली नजर घडते, आणि निर्णयाच्या दिवशी तीच कामी येते.

बंधूंच्या निरोपाबद्दल. त्यांचं प्रेम खरं असेल, त्यांचे आभार माना. पण पहिल्या राजांच्या पुस्तकातला तेरावा अध्याय एकदा वाचा. यहूदाहून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती की इथे जेवू नकोस, पाणी पिऊ नकोस. बेथेलचा म्हातारा संदेष्टा त्याला म्हणाला, मला देवदूताने सांगितलंय, माझ्या घरी चल. तो गेला, जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. संदेशांचा धिक्कार करू नका, सगळ्याची पारख करा, असं प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं. दोन्ही गोष्टी पाळा. ज्याला तुमच्या मुलीची शाळा आणि आईंचं मनगट कशातलंच काही ठाऊक नाही, त्याच्या एका निरोपावर घर हलवू नका.

खूण मागण्याचंही तसंच. गिदोनाने खळ्यात लोकर ठेवली आणि ती दवाने भिजावी, मग कोरडी राहावी, अशी खूण देवाकडे मागितली, ही गोष्ट आपण सगळे लहानपणी शब्बाथ शाळेत शिकलो, पण एक गोष्ट विसरतो. काय करायचं ते गिदोनाला आधीच सांगितलेलं होतं. त्याला दिशा ठाऊक होती, धीर नव्हता. देवाने त्याच्या भित्र्या मनाला सांभाळून घेतलं, दोनदा. ती दया आहे, तिची रीत करायची नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आधार प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायाने दिला आहे. पौलाला आसियात (हा तेव्हाचा रोमी प्रांत, आजच्या तुर्कस्तानात) वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने अडवलं. बिथुनियाकडे वळला, तिथेही वाट बंद. समुद्रापर्यंत त्रोवसला येईपर्यंत फक्त नकारच हाती होते. मग रात्री दृष्टान्तात मासेदोनियाचा एक माणूस दिसला. इथे नीट लक्ष द्या: दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण देव आपल्याला तिकडे बोलावतो आहे हे अनुमान 'आम्ही' काढलं, असं लिहिलंय. सोबतच्या सगळ्यांनी मिळून. आणि फिलिप्पैला पोहोचल्यावर तो माणूस कुठे दिसलाच नाही. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका भेटल्या, त्यांतली लुदिया होती थुवतीराची, म्हणजे त्याच आसियाची, जिथे जायला पौलाला मनाई झाली होती. थोड्याच दिवसांत पौल आणि त्याचा सोबती सीला फटके खाऊन तुरुंगात पडले. वाट देवाची होती तरीही. तेव्हा पुण्यात गेल्यावर पहिलं वर्ष कठीण गेलं, किंवा मेलबर्नला राहून मन खात राहिलं, तर 'आपलं चुकलं' असा लगेच निकाल लावू नका.

आपल्याच मातीत पंडिता रमाबाईंचं पाहा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते, त्यामुळे त्या मुलींची भूक त्यांना कुणी समजावून सांगायला नको होती. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे मुलींना ठेवता येईना, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं, आणि तिथे मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली. जुनी जखम, डोळ्यांपुढची गरज, बंद झालेलं एक दार. मार्गदर्शन पुष्कळदा एवढ्याच साहित्याने घडतं.

वसई-गोव्याकडच्या कॅथलिक वाचकांना जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला परिचयाचे असतील. आम्ही प्रोटेस्टंट त्यांच्याकडे फार जात नाही, पण जायला हवं. 1521 साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि ते महिनोन्‌महिने अंथरुणावर होते. शौर्याची स्वप्नं रंगवली की त्या वेळी गोड वाटायचं, नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की आनंद मागे रेंगाळायचा. या फरकाकडे लक्ष देता देता ते पारख शिकले. तुम्ही हे घरी करू शकता. दहा दिवस दोघांनी मनाशी धरून चाला की जायचं ठरलंय. पुढचे दहा दिवस, की राहायचं ठरलंय. रोज रात्री प्रार्थनेआधी चार ओळी वहीत लिहा, आज मागे काय उरलं, शांती की कोरडेपणा. एकमेकांच्या वह्या विसाव्या दिवसापर्यंत वाचू नका. इग्नेशियसांचा एक नियम तर मी फ्रिजवर लावलाय: मन खचलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. (महिनाभर झोपच नसेल, तुम्ही लिहिता तशी, तर डॉक्टरांकडेही जा. तोही प्रार्थनेचाच भाग समजा.)

नववीतल्या मुलीला या सगळ्यातून वगळू नका. 'देवाची इच्छा' हे शब्द तिने फक्त तिचं म्हणणं थांबवण्यासाठी ऐकले, तर पुढे ती त्या शब्दांपासून आणि आपल्या मंडळीपासूनही दूर जाईल. तिलाही वही द्या.

आता ते वाक्य. ताई, आठ महिने तुम्ही देवाला विचारताय आणि ज्या बाईसाठी विचारताय तिला एकदाही विचारलेलं नाही. आईवडिलांना द्यायचं ते 'देवाला अर्पण केलं' म्हणून टाळणाऱ्यांना प्रभूने किती कडक शब्दांत सुनावलं, मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. तुम्ही टाळत नाही आहात, तुम्ही जपता आहात, हे मला कळतं. पण आईंना परत येणारा मुलगा हवा आहे, की स्वयंपाकाला बाई आणि न्हाणीघरात धरायला दांडी हवी आहे, की वर्षातून तीन महिने नातवंडं हवी आहेत? की त्यांना त्यांची मंडळी, त्यांचा बाक, शेजारच्या मावशी सोडायच्याच नाहीत? हे तुम्हाला ठाऊक नाही. वधस्तंभावरून प्रभूने आपली आई योहानाच्या हाती सोपवली. आईची सोय करण्याची एकच रीत नसते, पण सोय करावीच लागते, आणि त्याबद्दल तुम्हाला नव्या खुणेची गरज नाही. ती आज्ञा कधीच दिलेली आहे.

येत्या रविवारी रात्री आठच्या सुमारास फोन लावा. नगरला दुपारचे तीन-साडेतीन वाजलेले असतील, उपासनेहून येऊन, जेवून, थोडं लवंडून आई उठलेल्या असतील. मुलांनाही समोर बसवा. पुण्याची नोकरी, मुलीचं म्हणणं, तुमची भीती, सगळं सांगा आणि मग गप्प बसा, त्यांना वेळ लागेल. त्या दिवशीची प्रार्थना आईंना करू द्या. काय म्हणाल्या ते मला कळवा.