कॉम्प्युटर, मोबाइल आणि गाडीतल्या पेन ड्राइव्हवरची गाणी फाइल तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरने सारखी ठेवता येतात का? माझ्याकडे जवळजवळ सगळ्याच फाइल वेगळ्या दाखवतंय.

येतात, आणि सॉफ्टवेअरपेक्षा आधी एक गोष्ट ठरवा: मूळ संग्रह कुठला? माझा सांगलीतल्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे. मोबाइल आणि पेन ड्राइव्ह या त्याच्या नकला. नवं गाणं आलं, नाव बदललं, फोटो चिकटवला, की ते फक्त मूळ फोल्डरमध्ये. तीन ठिकाणी तीन बदल करून मग ‘दोन्हीकडून जुळव’ म्हणायचं, हा उद्योग मला पटत नाही. दोन्हीकडे बदललेल्या फाइलपैकी खरी कोणती, हे सॉफ्टवेअरला कसं कळणार?

मी फ्रीफाइलसिंक वापरतो. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. बियाँड कंपेअर विकतचं आहे, पण नजरेला फरक दाखवण्यात उत्तम. विनमर्जही चांगलं, मात्र त्याचा खरा जीव मजकुराच्या फाइलींत. फ्रीफाइलसिंकमध्ये ‘मिरर’ निवडलं की उजवी बाजू हुबेहूब डावीसारखी होते. म्हणजे डावीकडे नसलेलं उजवीकडून उडतं! म्हणून आधी नुसती तुलना करायची, काय पुसलं जाणार ती यादी वाचायची आणि मगच सिंक दाबायचं.

आता तुमची तक्रार. सॉफ्टवेअर सहसा फाइलची वेळ आणि आकार बघतं. मोबाइल केबलने जोडला की तो एमटीपीने, म्हणजे फाइल देण्याघेण्याच्या एका ठरावीक पद्धतीने, कॉम्प्युटरशी बोलतो, आणि तिथे कॉपी करताना मूळ वेळ बऱ्याचदा टिकत नाही. कॉपी केली ती वेळ बसते. गाणं तेच, तारीख आजची, म्हणून सगळंच वेगळं. मोबाइलसाठी तुलना फक्त आकारावर लावा. पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट३२ या फाइल साठवण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. त्यात वेळ 2 सेकंदांच्या टप्प्यांत नोंदवली जाते, म्हणून तेवढी सूट देणारी सेटिंग असते. ती शून्य करू नका.

आकारावरच्या तुलनेत एक फट आहे. एमपी३मध्ये गायकाचं नाव, नाटकाचं नाव वगैरे माहिती फाइलच्याच आत बसते आणि तिच्यासाठी बऱ्याचदा थोडी जागा मोकळी सोडलेली असते. स्पेलिंग सुधारलंत तर ते त्या मोकळ्या जागेत मावतं आणि आकार बदलत नाही. अशा सुधारणा केल्यावर एकदा ‘फाइल कंटेंट’ची तुलना लावून चहाला जा. प्रत्येक फाइल दोन्हीकडून पूर्ण वाचली जाते, त्यामुळे वेळ लागतो.

मराठी नावांची गंमत वेगळीच. समजा तुमच्याकडे ‘साताऱ्याची गाणी’ असा फोल्डर आहे. त्यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हेने टाइप होतो: एकीकडे ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसरीकडे साधा र, हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळी नावं. एकच फोल्डर ‘फक्त डावीकडे’ आणि ‘फक्त उजवीकडे’ असा दोनदा दिसला तर हेच तपासा. नाव पुन्हा टाइप करत बसू नका, मूळ फोल्डरचं नाव कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखं दिसणारं कोलन असेल तर ते काढा, विंडोज आणि फॅट३२ दोघांनाही चालत नाही.

घरी फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) आणि गाडीत एमपी३ असेल तर थेट तुलना जमणार नाही, फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे विस्तारच वेगळा. कॉम्प्युटरवरच ‘गाडी’ नावाचा एमपी३चा फोल्डर ठेवा आणि पेन ड्राइव्हशी त्याचाच मिरर करा.

मिररने एक काम होत नाही. गाडीतले बरेच स्टिरिओ गाणी नावाच्या क्रमाने नाही, तर पेन ड्राइव्हवर ज्या क्रमाने लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतात. आमच्याकडे नाट्यसंगीताचं वेड, त्यामुळे नांदीआधी भैरवी वाजली की मागच्या सीटवरून ओरडा होतो. क्रमच हवा असेल तर पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून सगळं एकदम, नावाच्या क्रमाने पुन्हा कॉपी करा.