सही येत नाही म्हणजे वाचताही येत नाही?

प्रश्न : राज्यक्रांतीच्या सुमारास फ्रान्समधल्या २७ टक्केच स्त्रिया साक्षर होत्या, असे वाचले. हा आकडा कुठून आला? उरलेल्या ७३ टक्क्यांना अक्षरओळखच नव्हती का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आकडा आला लग्नाच्या नोंदवह्यांतून. १६६७च्या राजाज्ञेने वधूवर आणि साक्षीदारांनी चर्चच्या वहीत सही करावी, येत नसल्यास पाद्र्याने तसे नोंदवावे, असे ठरवले. लुई माजिओलो या निवृत्त शिक्षणाधिकाऱ्याने १८७७पासून सुमारे १६,००० शिक्षकांकडून या सह्या मोजून घेतल्या. १६८६–९० मध्ये सही करणारे वर २९ टक्के, वधू १४ टक्के. १७८६–९० मध्ये ४७ आणि २७. काम स्वेच्छेचे होते, म्हणून काही जिल्ह्यांतून ढीगभर माहिती आली, काहींतून चिमूटभर. तरी वायव्य किनाऱ्यावरचे सँ-मालो ते जिनिव्हा या रेषेच्या उत्तरेला सह्या जास्त, दक्षिणेला कमी, हे चित्र ठळक दिसते.

मात्र उरलेल्या साऱ्याजणी निरक्षर, हे म्हणणे चूक आहे. त्या काळी वाचन आणि लेखन हे दोन वेगळे विषय होते. आधी वाचन, तेही बऱ्याच शाळांत लॅटिन प्रार्थनांचे. ते पक्के झाल्यावरच लेखन, आणि त्याची फी जास्त. शिवाय टेबल, कागद, शाई आणि हंसाचे पीस लागे. पिसाचे टोक चाकूने तिरके कापून मधोमध चीर द्यायची. चीर लांब गेली किंवा हात जड पडला की टोक फाकते आणि डाग पडतात. हे शिकायची वेळ येईपर्यंत गरीब घरची मुले शेतावर गेलेली असत. मुलींना तर कित्येक ठिकाणी मुद्दामच लेखन शिकवत नसत. प्रार्थनापुस्तक वाचता आले की पुरे. दक्षिण-मध्य फ्रान्समधल्या व्हले भागातल्या ‘बेआत’ म्हणजे धर्मकार्याला वाहिलेल्या बायका मुलींना वाचन आणि लेस विणणे शिकवत. १८६६च्या जनगणनेत ‘फक्त वाचता येते’ असा वेगळा रकाना होता. वायव्येकडच्या ब्रिटनीत आणि मध्य फ्रान्समधल्या मासिफ सॉंत्राल या डोंगराळ भागात त्यात स्त्रियाच अधिक भरल्या. सह्यांच्या मोजणीत या वाचणाऱ्या बायका हरवतात, ही त्या आकड्याची सर्वांत मोठी उणीव आहे.

उलट बाजूही पाहा. सुटी, थरथरती, चित्रासारखी काढलेली अक्षरे असतील तर त्या माणसाला बहुधा नावापलीकडे लिहिता येत नसे. जोडलेली, एका ओघातली सही मात्र हात सरावाचा असल्याचे सांगते. म्हणून वही चाळताना नुसत्या सह्या मोजू नका, त्यांचे वळणही टिपा.