दोन्ही आज्यांना बाळाने काय हाक मारावी?

दोघींनाही ‘आजी’ म्हटलं तर घोळ होतो, आणि सासूबाईंना ‘आजी’ ऐकायलाच नको, असं तुम्ही म्हणताय. मग आधी त्यांनाच विचारा. परस्पर ठरवलंत तर रुसवा पक्का. माई, अक्का, जिजी, मोठी आई ही नावं आपल्याकडे चालतातच. ‘साताऱ्याची आजी’ही सोयीचं, पण त्या उद्या तुमच्याकडेच राहायला आल्या की पंचाईत!

खरं म्हणजे मूल कानावर पडेल तेच उचलतं. नवरा दिवसभर ‘आई, चहा झाला का?’ म्हणत असेल, तर नातूही त्यांना ‘आई’च म्हणेल. कितीतरी घरांत हेच झालंय. म्हणून ‘माई’ ठरलं, तर बाळ बोलायला लागायच्या आधीपासून नवऱ्यासकट सगळ्यांनी ‘माई, बाळाला घेता का जरा?’ सुरू करा.