एमाहॉय, यमुनाबाई आणि माझी पेटी

प्रश्न असा आहे: 'संगीतावर ज्यांचं पोट आहे त्यांनी सांगावं, अलीकडे नव्याने कोणते कलाकार सापडले आणि त्यातून काही प्रेरणा मिळाली का? कामाच्या गडबडीत नवीन ऐकायला वेळ कसा काढता?'

मी पुण्यात पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवतो. सकाळी कथकच्या क्लासला लेहरा (नाचाच्या तालाला धरून पुन्हा पुन्हा वाजणारी एकच सुरावट), दुपारी शिकवण्या, संध्याकाळी कधी अभंग-भावगीतांचा कार्यक्रम, कधी कुणाच्या ख्यालाला साथ. त्यामुळे माझी कसोटी अगदी व्यवहारी आहे. 'क्या बात है' तर आम्ही चहा पिता पितासुद्धा म्हणतो, ते सोडून द्या. ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी पेटीवर बसलं आणि हात वेगळा पडला, तरच तो कलाकार मला सापडला असं मी धरतो. ही चाळणी लावली की यादी फार लहान होते. सवाई गंधर्व महोत्सवात गाजणारी नावं तिच्यात येत नाहीत, पण त्यात त्यांचा काही दोष नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाच्या कानात ती आधीच मुरलेली असतात.

पहिलं नाव एमाहॉय त्सेगे-मरियम गेब्रू. इथिओपियाच्या जोगीण आणि पियानोवादक. 'एमाहॉय' ही तिकडे संन्यासिनींच्या नावाआधी लावतात ती उपाधी. जन्म १९२३चा, अदिस अबाबातल्या सधन घरातला. लहानपणी शिकायला स्वित्झर्लंडला पाठवलं, तिथे व्हायोलिन हातात आलं. पुढे इटलीने इथिओपियावर कब्जा केला तेव्हा कुटुंबाला कैदेत जावं लागलं. नंतर कैरोत पुन्हा संगीताचं शिक्षण घेतलं. लंडनला शिकायला जायचं ठरलं होतं, ते हुकलं आणि बाईंनी मठाची वाट धरली. पहिली तबकडी १९६७ साली जर्मनीत निघाली. आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं जेरुसलेमच्या इथिओपियन मठात गेली. २००६ साली 'एथिओपिक्स' या ध्वनिमुद्रण-मालिकेचा २१वा भाग त्यांच्या वादनाचा निघाला आणि जगभर नाव झालं, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. २०२३मध्ये त्या गेल्या.

आता वादनाबद्दल. डावा हात युरोपियन वॉल्ट्झची आठवण करून देणारा, उजव्या हातात इथिओपियन पाच सुरांच्या चाली. तिकडच्या 'तिझिता' नावाच्या सुरावटीचा एक प्रकार म्हणजे सा रे ग प ध, चक्क आपल्या भूपाचे सूर. पण भूप शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही, कारण न्यास (कुठल्या सुरावर थांबायचं) आणि चलन (सुरांची चाल) सगळं निराळं. मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. पियानो काय आणि पेटी काय, दोघींचं दुखणं एकच: पट्टी दाबली की सूर तयार, दोन सुरांच्या मधली वाटच नाही. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) साधत नाहीत, असे आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं, ते थेट १९७१ साली किलकिलं झालं. आम्ही पेटीवाले अजून त्या आरोपाला उत्तरं देत बसलोय, आणि बहुतेकांचं उत्तर म्हणजे वेग. इतक्या जागा घ्यायच्या की मींड नसल्याचं कुणाच्या लक्षातच येऊ नये.

एमाहॉय याच्या बरोबर उलट करतात. मुख्य सुरावर बसण्याआधी दोन-तीन सुरांची निसटती लड येते, मग अपेक्षेपेक्षा किंचित उशिरा तो सूर येतो, आणि त्या उशिरात आपला कानच मधली वाट भरून काढतो. पट्टीवर मींड वाजत नाही, ऐकणाऱ्याच्या डोक्यात वाजते. मी हे पेटीवर उतरवायला बसलो तेव्हा कळलं की काम उजव्या हाताचं नाहीच, भात्याचं आहे. कण, म्हणजे मुख्य सुराआधीचे ते निसटते सूर, घेताना भाता अगदी सैल सोडायचा आणि मुख्य सुराला हवा द्यायची. आपली सवय नेमकी उलटी: कण ठणठणीत, सूर मात्र कोरडा. परवा एका मैफलीत विलंबितात गंधार असा उशिरा आणि सैल हातानं दिला तर गायिकेनं मध्येच मागे वळून पाहिलं. नाराजीनं नव्हे, एवढं नक्की. कुठून सुरुवात करावी असं विचाराल तर 'द होमलेस वाँडरर' ऐका. हेडफोन लावून, आणि दुसरं काही न करता.

दुसरं नाव पुण्याहून फार लांबचं नाही: वाईच्या यमुनाबाई वाईकर. १९१५ सालचा जन्म, २०१२ची पद्मश्री, वयाची शंभरी ओलांडून २०१८मध्ये गेल्या. 'यांना आता शोधलंत?' असं कुणी विचारेल. नाव सगळ्यांना माहीत असतं हो, बसून ऐकलेलं किती जणांनी असतं? पुण्यात ख्यालाची साथ करणाऱ्यांच्या वर्तुळात लावणीचं नाव निघालं की अजूनही हसू दाबलं जातं. लावणीचं आर्यभूषण थिएटर याच शहरात आहे, पण सदाशिव पेठेतून तिकडे जाणारी वाट भल्याभल्या बुजुर्गांना ठाऊक नसते. मला यमुनाबाई ऐकवल्या एका ढोलकीवाल्याने, बालगंधर्व रंगमंदिराच्या मागे, आमच्या कार्यक्रमाला अवकाश होता म्हणून, फोनवर.

बैठकीची लावणी म्हणजे बाई बसून गाणार, आणि अदा चेहऱ्यावर नि हातात. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी तिचा रोख वेगळा असतो: एकदा लाडीगोडी, एकदा टोमणा, एकदा नुसतीच तक्रार. ठुमरीत बोल बनवतात त्याची ही सख्खी बहीण, फक्त मराठी. आणि भाषा आपलीच असल्यामुळे पळवाट राहत नाही. शब्द कळलाच नाही असं साथीदाराला म्हणता येत नाही. यमुनाबाई ओळीतला कुठला शब्द उचलणार हे आधी सांगता येत नाही. त्या एखाद्या क्रियापदावर थांबतात, सूर तसाच धरून शब्द तोडतात आणि उरलेला अर्धा शब्द समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, पुढे टाकतात. तिथे पेटीवाल्याने तोंडपाठ चाल वाजवली की खेळ खलास. संगीतबारीतले (थिएटरात लावणी सादर करणाऱ्या पार्ट्यांमधले) पेटीवाले गाणारीच्या ओठांकडे बघून वाजवतात असं तो ढोलकीवाला म्हणाला. तेव्हापासून भावगीतांच्या कार्यक्रमातही मी वही शक्यतो बंद ठेवतो आणि निवेदन चालू असताना पुढच्या गाण्याचे शब्द मनात म्हणून घेतो. चाल आपोआप येते, शब्दांचं मात्र तसं नाही.

तिसऱ्या आहेत पॉलीन ऑलिव्हेरोस, अमेरिकन, १९३२ ते २०१६. ॲकॉर्डियन वाजवायच्या, म्हणजे आमच्या भाऊबंदांतल्याच, हवा नि रीड. १९८८ साली वॉशिंग्टन राज्यात जमिनीखालच्या एका रिकाम्या, प्रचंड टाकीत उतरून त्यांनी साथीदारांबरोबर ध्वनिमुद्रण केलं. त्या टाकीत आवाज ४५ सेकंद घुमत राहायचा. कल्पना करा, तुम्ही वाजवलेला सूर जातच नाही! पुढचा सूर लावताना आधीचे सगळे अजून हजर. अशा ठिकाणी चलाखी चालत नाही. खरं सांगायचं तर हे संगीत सगळ्यांना झेपेल असं नाही. घरात मी लावलं तेव्हा 'पंखा बिघडलाय का' अशी विचारणा झाली.

पण दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, त्यांनी आपलं ॲकॉर्डियन नैसर्गिक स्वरांत लावून घेतलं होतं. बाजारातल्या पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटनी चढा असतो (१०० सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). म्हणून आपल्याकडे गांधार ट्यूनिंग, म्हणजे पेटी तंबोऱ्याच्या नैसर्गिक स्वरांना लावून घेणं, करतात. पण ते एका षड्जाला (सा) बांधलेलं. आधी काळी चारची (चौथी काळी पट्टी 'सा' धरून गाणारी) गायिका आणि नंतर पांढरी दोनचा गायक असला की दोन पेट्या वाहा, आणि आयोजक रिक्षाभाडं एकाच पेटीचं देणार! तरी ख्यालासाठी मी आता अशी लावलेलीच पेटी नेतो. दुसरी गोष्ट, गायक षड्जावर थांबला की पेटीवाल्याची बोटं वळवळतात. ती आता वळवळत नाहीत. एक सूर धरून नुसता भाता सांभाळत बसणं हेही वाजवणंच आहे. हे कान तयार झाल्यावर भीमसेनजींच्या मागे पेटीवर आप्पासाहेब जळगावकर काय करत होते, किंवा काय करत नव्हते, ते वेगळंच ऐकू यायला लागलं.

बाकीचे थोडक्यात. कर्नाटक संगीतातले एम. डी. रामनाथन (१९२३–१९८४): खर्जाचा आवाज आणि इतकी संथ लय की घाईच्या माणसाला वेड लागेल. पाकिस्तानी-अमेरिकन गायिका अरूज आफताब: २०२१चा 'व्हल्चर प्रिन्स' हा अल्बम शिष्यांनी पाठवला. बहुतेक उर्दू गझला, तालवाद्य जवळजवळ नाहीच. फार देखणं काम, त्यातल्या 'मोहब्बत'ला २०२२मध्ये ग्रॅमीही मिळालं. मी कौतुकानं ऐकलं, पण हातात काही उतरलं नाही. कदाचित दिवसभर लेहरा वाजवणाऱ्याला ठेक्याशिवाय चैन पडत नसेल.

वेळेचं म्हणाल तर वेगळा काढत नाही. एका वेळी एकच कलाकार, तोही आठवडाभर. ॲप जे सुचवतं ते ऐकत नाही, वादक मित्र सुचवतात ते ऐकतो. त्यातही तालवाले. गाणाऱ्यांना विचारलं की ते आपल्या गुरुजींचंच नाव सांगतात.

आता माझाच एक प्रश्न. संगीतबारीतल्या जुन्या पेटीवाल्यांची ध्वनिमुद्रणं कुणाकडे आहेत का? गाणारणीचं नाव लिहिलेलं असतं, कधी ढोलकीवाल्याचंही. पेटीवर कोण, ते लिहिलेलं फारसं सापडत नाही. कॅसेट असली तरी चालेल, कॉपी मी करून घेईन.