हॉस्पिटल ठरवताना बाळाच्या दुधाचंही विचारायचं असतं का?

तुम्ही लिहिलंय की बायकोला नववा लागलाय, दोन हॉस्पिटलं बघून ठेवलीत, एकातल्या खोल्या छान आहेत, दुसरं घराजवळ आहे, आणि दुधाचं काय ते आपोआप होतं असं तुमच्या आई म्हणतात. आपोआप होत नाही. तेवढ्यासाठी लिहायला बसले.

माझं पहिलं बाळंतपण २०१५ सालचं. खासगी हॉस्पिटल, एसी खोली, सिझर. कमरेत इंजेक्शन होतं, त्यामुळे मी पूर्ण जागी होते. मुलीचं रडणं ऐकलं, तिचा गाल एकदा माझ्या गालाला लावला आणि तिला घेऊन गेले. का, तर ‘आईला आराम करू दे’. ती माझ्याकडे आली सात तासांनी, पोट भरून गाढ झोपलेली. मधल्या वेळात सिस्टरने माझ्या नवऱ्याच्या हातात चिठ्ठी दिली होती, पावडरच्या डब्याचं नाव लिहिलेली. रात्री दोन वाजता तो खालच्या मेडिकलमधून डबा आणि बाटली घेऊन आला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. सकाळी दुसऱ्या सिस्टरने दाबून बघितलं, दोन थेंब आले, आणि आल्यागेल्यांसमोर म्हणाली, "हिला दूधच नाही." नणंदेने ते वाक्य घरभर केलं. तिसऱ्या रात्री माझी छाती दगडासारखी झाली, ताप भरला, गाऊन भिजून गेला, आणि मुलगी तोंड फिरवून बाटलीसाठी रडत होती. दूध होतं. प्यायला कुणी नव्हतं. दोन महिन्यांत ते आटलं.

ते दोन थेंब म्हणजे चीक होता. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतंच ५ ते ७ मिली, म्हणजे चहाचा चमचाभर. दूध उतरतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सिझरनंतर कधी थोडं उशिरा. बाळ जेवढं ओढतं तेवढंच पुढे तयार होतं. पावडरने पोट भरलेलं बाळ ओढत नाही, मग दूध वाढत नाही, मग पुन्हा पावडर. बाळंतपणं करणाऱ्या लोकांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजलेली मुलं फक्त ४१.८ टक्के. घरच्या अडाणीपणावर किती दिवस खापर फोडायचं?

दुसऱ्या वेळी मी हट्टाने सरकारी रुग्णालयात गेले. पुन्हा सिझरच. खाटेला खाट लागलेली, पंखा कुरकुरणारा. पण टाके घालून बाहेर आणल्यावर अर्ध्या तासात एका वयस्क सिस्टरने मुलाला उघडाच माझ्या छातीवर पालथा घातला आणि वरून दुपटं टाकलं. तो तोंड लावायचा आणि सुटायचा. सिस्टर म्हणाली, "वडापाव खाताना कसा दाबून तोंडात घालतेस? तशी छाती धर. आणि तू त्याच्याकडे वाकू नको, त्याला तुझ्याकडे आण. नाकाला बोंड लाव, जांभईसारखा आ करू दे, मग घे." तिसऱ्या खेपेला त्याने काळा भाग धरून तोंडभर पकडलं. हनुवटी टेकली, चटचट आवाज थांबला आणि घोट गिळल्याचा बारीक आवाज आला. त्या बाईंनी दहा मिनिटं दिली असतील. त्या मुलाला मी दीड वर्ष पाजलं. मी तीच बाई, अंगही तेच.

म्हणून खोल्या बघू नका. विचारा, सिझर झालं तरी पहिल्या तासात बाळ आईच्या अंगावर देता का? रात्री बाळ आईजवळ असतं की वेगळ्या खोलीत? पावडर कुणाच्या सांगण्यावरून सुरू होते? रात्रपाळीला पाजायला शिकवणारी सिस्टर असते का? ‘ते बघू तेव्हा’ असं उत्तर आलं तर दुसरं हॉस्पिटल बघा. आणि ओपीडीत पावडरच्या कंपनीचं कॅलेंडर दिसलं तर तिथून उठाच. १९९२ च्या कायद्याने अशा जाहिराती, फुकट नमुने आणि भेटवस्तूंना बंदी आहे.

आता तुमच्यासाठी. माझा नवरा आजही म्हणतो, "बाळ रडत होतं, मी काय करायला हवं होतं?" हे करायला हवं होतं: चिठ्ठी खिशात घालून आत यायचं, मला उठवायचं, बाळ माझ्याजवळ मागून घ्यायचं, माझ्या पाठीला उशी लावायची. टाके असताना बाईला कुशीवर वळता येत नाही, तिला धरणारं कुणीतरी लागतं. मेडिकलकडे धावणं सोपं होतं.

हेही सांगते, पावडर म्हणजे विष नव्हे. काही बायकांना खरंच दूध कमी येतं, थायरॉइडमुळे किंवा खूप रक्त गेल्यामुळे. बाळाची साखर उतरली, वजन फार घटलं, तर डॉक्टर सांगतील ते वरचं दूध द्यावंच लागतं. कमी दिवसांच्या बाळांसाठी काही ठिकाणी दूध पेढीतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दिलेलं, अंगावरचं दूध मिळतं. मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अशी पेढी सुरू केली, आशियातली पहिली. फक्त कारण विचारून घ्या, आणि वरचं द्यायचंच झालं तर बाटलीने नको, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या.

बऱ्याच ठिकाणी बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नाहीत. तुमच्या बायकोजवळ बहुतेक तुमच्या आईच असतील. त्यांना वडापावचं आत्ताच सांगून ठेवा.